अवघड जागेचे दुखणे शिकवताना : एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना युरोलॉजी कशी शिकवावी

एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात युरोलॉजी, म्हणजे मूत्रसंस्थेची आणि पुरुषांच्या जननेंद्रियांची शल्यचिकित्सा, हा स्वतंत्र विषय नाही. ती शल्यचिकित्सेच्या पोटात येते आणि तिथेही बहुधा सत्राच्या अखेरीस, परीक्षा तोंडावर आलेली असताना, घाईने उरकली जाते. २०१९ च्या तुकडीपासून लागू झालेल्या सक्षमता-आधारित अभ्यासक्रमात लघवीतील रक्त, मूतखडा, लघवी तुंबणे, प्रोस्टेटचे (पुरुषाच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचे) विकार, मूत्राशयाचा कर्करोग, वृषणाचे विकार असे घटक नेमून दिलेले आहेत. परंतु ते कोणत्या क्रमाने, किती खोलवर आणि कोणत्या रुग्णाच्या खाटेशी उभे राहून शिकवायचे, हे शेवटी शिकवणाऱ्यालाच ठरवावे लागते. कोल्हापुरात विद्यार्थ्यांना शल्यचिकित्सा शिकवताना माझा जो क्रम बसत गेला, तो नव्याने शिकवू लागलेल्या सहकाऱ्यांसाठी येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट ठरवायची ती ही, की समोर बसलेला विद्यार्थी उद्या कुठे असणार आहे. त्यांतले एखाद-दुसरेच एमसीएच ही पुढची पदवी घेऊन युरोलॉजिस्ट होतील. बाकीचे गगनबावडा, शाहूवाडी किंवा चंदगड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी असतील, नाहीतर एखाद्या पेठेत स्वतःचा दवाखाना चालवत असतील. रात्री दोन वाजता त्यांच्यासमोर लघवी अडकलेला आजोबा येईल, वृषण पिळलेला मुलगा येईल, खड्याच्या कळेने गडबडा लोळणारा ऊसतोड कामगार येईल. त्या क्षणी जे हाताशी असायला हवे, तेवढे पक्के शिकवावे. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेतल्या उपकरणांची नावे किंवा मूत्राशय काढल्यानंतर आतड्याची नवी पिशवी कशी शिवतात हे सांगण्यात तास घालवू नये. ते ऐकायला विद्यार्थ्यांना आवडते, शिकवणाऱ्याला सांगायला त्याहून आवडते, पण त्या तासाची किंमत पुढे एखादा रुग्ण मोजतो.

रुग्णाच्या शब्दापासून सुरुवात

पाठ्यपुस्तक मूत्रपिंडापासून सुरू होऊन अवयवांच्या क्रमाने खाली उतरत जाते. रुग्ण तसा येत नाही. तो एक शब्द घेऊन येतो, आणि आपल्या भागात तो शब्द पुष्कळदा ‘उन्हाळी’ असतो. ‘उन्हाळी लागलीय, डॉक्टर’ हे वाक्य मी पहिल्या तासाला फळ्यावर लिहिते आणि या एका शब्दाच्या आड काय काय असू शकते ते विद्यार्थ्यांकडूनच काढून घेते. पाणी कमी पडल्याने लघवी गडद होऊन जळजळणे, मूत्राशयाचा जंतुसंसर्ग, मूत्रवाहिनीच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे येणाऱ्या नळीच्या) खालच्या टोकाशी अडकलेला खडा, लैंगिक संबंधातून आलेला संसर्ग, मूत्रमार्गाचा क्षय, आणि क्वचित मूत्राशयाच्या अस्तराचा कर्करोगही. सब्जाचे पाणी प्या असे सांगून यांपैकी कोणाला परत पाठवता येईल आणि कोणाला येणार नाही, हा प्रश्न मग त्यांच्यापुढे आपोआप उभा राहतो.

असे शब्द गोळा करणे हेच पोस्टिंगच्या पहिल्या आठवड्याचे काम म्हणून द्यावे. ओपीडीत बसून विद्यार्थ्यांनी वहीत रुग्णाचे मूळ शब्द लिहावेत आणि समोर त्यांचा वैद्यकीय अर्थ मांडावा. ‘लघवी तुंबली’, ‘धार बारीक झाली’, ‘थेंब थेंब होतंय’, ‘धरवत नाही’, ‘धातू जातो’, ‘अंतर्गळ झालाय’, ‘अंडाला पाणी झालंय’ या शब्दांचे अर्थ दिसतात तितके सरळ नाहीत. अंतर्गळ (हर्निया) म्हणून दाखवायला आलेला फुगवटा हायड्रोसील, म्हणजे वृषणाभोवती साठलेले पाणी, निघतो, आणि अंडाला पाणी झाले म्हणणाऱ्या तरुणाच्या वृषणात न दुखणारी कठीण गाठ सापडते, जी कर्करोगाची असू शकते. सीमाभागातले आणि कोकणातून घाट चढून आलेले रुग्ण आणखी वेगळे शब्द वापरतात. शहरात वाढलेल्या, इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना ही वही फार उपयोगी पडते.

याच टप्प्यावर लाजेविषयी उघडपणे बोलावे. अवघड जागेचे दुखणे आणि जावई डॉक्टर, असे आपल्याकडे म्हणतात. गावातला डॉक्टर खरोखरच कोणाचा ना कोणाचा पाहुणा असतो, म्हणून रुग्ण पोट दुखते म्हणतो आणि खरी जागा सांगत नाही. रुग्ण लाजतो त्याहून विद्यार्थी अधिक लाजतात. ते प्रश्न कुजबुजत विचारतात किंवा एकदम इंग्रजी शब्दांच्या आड जातात. त्यांना आधी एकमेकांसमोर, मग रुग्णासमोर, साध्या आवाजात विचारण्याचा सराव द्यावा : ‘काका, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं? धार पूर्वीसारखी लागते का? पूर्ण झाल्यासारखं वाटतं का?’ प्रोस्टेटच्या त्रासासाठी जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची गुणपत्रिका आहे, तिची एकूण गुणसंख्या ३५ पर्यंत जाते. ७ पर्यंत त्रास सौम्य, ८ ते १९ मध्यम आणि २० पासून पुढे तीव्र. ते सात प्रश्न प्रत्येक गटाने स्वतःच्या बोलीत बसवून दोन रुग्णांना विचारावेत. या एका दुपारीतून प्रश्न कसा विचारावा हे जेवढे कळते, तेवढे तासाभराच्या व्याख्यानातून कळत नाही.

लघवी तुंबणे आणि कॅथेटर

सगळ्यांत जास्त वेळ मी या विषयाला देते, कारण निदान, हाताचे कौशल्य आणि नंतरची देखरेख हे तिन्ही यात एकत्र आहेत.

प्रथम एक सापळा दाखवावा. ओटीपोट फुगलेला वृद्ध सांगतो, ‘सारखी लघवी होतेय, कपडे ओले होतात.’ विद्यार्थी लगेच म्हणतात की लघवीवर नियंत्रण राहिलेले नाही. पोटावर हात ठेवून, बोटाने ठोकून पाहायला सांगितले की बेंबीपर्यंत भरलेले मूत्राशय हाताला लागते. जुनाट तुंबलेपण वेदना देत नाही आणि भरलेल्या घागरीतून सांडावी तशी लघवी वरचेवर सांडत राहते. ज्याने हे एकदा स्वतःच्या हाताने अनुभवले, तो पुढे अशा रुग्णाला औषध लिहून घरी पाठवणार नाही. तुंबण्याची कारणे सांगताना प्रोस्टेटवर थांबू नये. मूत्रमार्ग आकसणे, खडा, बद्धकोष्ठ, मणक्याचा विकार आणि सर्दीवरची काही औषधे यांचाही उल्लेख करावा. लहान मुलग्याची धार कमजोर आहे असे आई सांगत असेल, तर मूत्रमार्गातल्या जन्मजात पडद्याची आठवण करून द्यावी.

मग कॅथेटर, म्हणजे लघवी काढण्यासाठी मूत्राशयात घालायची नळी. त्याचा आकार फ्रेंच एककात मोजतात आणि एक फ्रेंच म्हणजे व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर, हे सांगितले की १६ क्रमांकाचे कॅथेटर म्हणजे साधारण सव्वापाच मिलिमीटर जाडीची नळी, हे मुलांच्या डोळ्यांपुढे येते. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे १८ ते २० सेंटिमीटर लांब आणि दोन वळणांचा, स्त्रीचा सुमारे ४ सेंटिमीटर आणि सरळ. म्हणून दोन्हींतल्या चुका वेगळ्या. पुतळ्यावर सराव घेण्याआधी मी एक सोपा प्रयोग करते. फोलीच्या कॅथेटरच्या टोकाशी ते मूत्राशयात टिकून राहावे म्हणून असलेला फुगा १० मिलिलिटर पाण्याने हातात फुगवून दाखवते आणि मग तोच फुगा करंगळीएवढ्या रबरी नळीत फुगवायला लावते. पिचकारीच्या दट्ट्याला लागणारा तो विरोध बोटांना कळला, म्हणजे मूत्रमार्गात फुगा फुगवला तर काय होईल हे वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर क्रम ठसवावा. रुग्णाला काय करणार ते सांगून त्याची संमती घ्यावी, पडदा ओढावा, हात आणि साहित्य निर्जंतुक असावे. दोन टक्के लिग्नोकेनची बधिर करणारी १० मिलिलिटर जेली सावकाश सोडून तीन ते पाच मिनिटे खरोखर थांबावे. हे थांबणेच गर्दीच्या कॅज्युअल्टीत सर्वांत आधी गळते आणि त्याची शिक्षा रुग्णाला होते. शिश्न वर उचलून धरावे, जोर करू नये. लघवी दिसताच फुगा फुगवू नये, कॅथेटर बाहेरच्या टोकाच्या फाट्यापर्यंत आत सरकवून मगच फुगवावा. फुग्यात निर्जंतुक पाणी भरावे. सलाईनचे स्फटिक होऊन वाहिनी बंद झाली तर फुगा पुढे उतरत नाही. पुढची त्वचा मागे ओढली असेल तर ती पुन्हा जागेवर आणावी, नाहीतर सकाळपर्यंत तिथे सुजेचा फास बसलेला असतो. शेवटी किती लघवी निघाली ते केसपेपरवर लिहावे. हा आकडा लिहिलेला नसेल तर काम अपुरे आहे असे मी समजते, कारण ६०० मिलिलिटर निघालेला आणि दोन लिटर निघालेला हे दोन वेगळे रुग्ण आहेत. दुसऱ्याच्या मूत्रपिंडांवर दाब आलेला असू शकतो. अडथळा सुटल्यावर त्याला तासाला २०० मिलिलिटरहून जास्त लघवी होऊ लागली आणि तशीच चालू राहिली, तर रक्तदाब आणि क्षारांवर लक्ष ठेवावे लागते. मूत्राशय एकदम रिकामे न करता थांबत थांबत करावे असे जुने लोक शिकवत. त्याने रक्तस्राव टळतो असे सिद्ध झालेले नाही.

एका ठिकाणी कॅथेटर घालायचे नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगावे. पुणे-बेंगळुरू महामार्गावरून अपघाताचे रुग्ण येत असतात. कटीच्या हाडाला मार लागला आहे, लघवी होत नाही आणि मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्ताचा थेंब दिसतो आहे, अशा वेळी नळी ढकलली तर अर्धवट फाटलेला मार्ग पूर्ण तुटू शकतो. आधी मूत्रमार्गात रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढावा. मूत्राशय भरलेलेच असेल तर ओटीपोटावरून नळी घालण्यासाठी जाणत्याला बोलवावे.

विद्यार्थिनींविषयी एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. पुरुष रुग्णाला कॅथेटर घालायची वेळ आली की मुलींना बाजूला उभे करण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे आणि मुलीही सुटका झाल्यासारख्या मागे सरकतात. मी इंटर्न होईपर्यंत एकाही पुरुषाला कॅथेटर घातले नव्हते, आणि पहिल्या रात्रपाळीत वॉर्डातल्या मामांनी (वॉर्डबॉयनी) मला शांतपणे सगळे सांगत ते करून घेतले. ते मामा होते म्हणून निभावले. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मुलगी एकटीच डॉक्टर असेल, म्हणून तिचा सराव इथेच, आपल्या देखरेखीखाली झाला पाहिजे.

सहा तासांचा प्रश्न

वृषण पिळले जाण्याविषयी, म्हणजे ते स्वतःभोवती फिरून त्याचा रक्तपुरवठा तुटण्याविषयी, विद्यार्थ्यांना एकच वाक्य पाठ असावे : बारा ते अठरा वयाच्या मुलाच्या पोटात अचानक दुखू लागले, तर त्याची चड्डी उतरवून तपासल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही. मी शिकत असताना एका रुग्णालयात असा एक मुलगा आला होता. उलट्या होत होत्या, तो फक्त पोट दुखते म्हणत होता. आम्ही तिघांनी आळीपाळीने त्याचे पोट दाबून पाहिले, पण खाली कोणीच पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी वृषण काळे पडलेले होते आणि ते काढावे लागले. दरवर्षी ही हकीकत मी माझी चूक म्हणूनच सांगते.

पहिल्या सहा तासांत पीळ सुटला तर वृषण वाचण्याची शक्यता उत्तम असते. चोवीस तासांनंतर ती फारच थोडी उरते. वृषण वर ओढले गेलेले, आडवे झालेले आणि मांडीच्या आतल्या बाजूला हलके ओरखडल्यावर वर न उचलले जाणारे, एवढे दिसले की निदान पुरेसे आहे. सोनोग्राफी पलीकडच्याच खोलीत लगेच होत असेल तर ठीक, तिच्यासाठी तास दवडू नयेत. इथे मी नकाशा काढून बसते. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब आहे आणि बेळगाव त्याहून पुष्कळ जवळ. मग त्या मुलाला कुठे पाठवाल? फोन कोणाला कराल? पाठवताना चिठ्ठीत दुखणे सुरू झाल्याची वेळ लिहाल का, की केवळ तारीख? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच अनेक दिवस बंद होता. रस्ता नसेल तेव्हा हाताने पीळ उलटवण्याचा प्रयत्न करता येतो. पायांकडून पाहताना पुस्तक उघडावे तसे वृषण बाहेरच्या बाजूला फिरवायचे, आणि दुखणे वाढले तर उलट दिशेने. दुखणे थांबले तरी शस्त्रक्रिया टळत नाही, दोन्ही बाजूंची वृषणे टाके घालून जागेवर बसवावी लागतात, हे त्याच दमात सांगावे.

खडा, ताप आणि लाल लघवी

मूतखड्याचे रुग्ण आपल्याकडे शिकवायला कधी कमी पडत नाहीत. ऊस तोडणारी माणसे दिवसभर उन्हात असतात, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीपुढे काम करणारे घाम गाळत असतात, आणि दोघेही कामाच्या वेळी पाणी कमी पितात. म्हणून व्यवसाय विचारणे हा इथे उपचाराचाच भाग ठरतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या, हा सल्ला फडात किंवा भट्टीपाशी कसा पाळता येईल, हे विद्यार्थ्याने रुग्णाशी बोलून ठरवून दाखवावे. पानफुटीची पाने, कुळथाचा काढा रुग्णाने घेतलेला असतोच. तो विचारताना चेहऱ्यावर तुच्छता दिसली तर पुढचे काहीच कळत नाही.

वैद्यकीय भाग थोडक्यात संपवता येतो. पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडा बहुधा आपोआप पडतो, मूत्रपिंडाचे काम ठीक असेल तर डायक्लोफेनॅक हे कळेवरचे पहिले औषध, रंगद्रव्याशिवायचा सीटी स्कॅन ही सर्वांत खात्रीची तपासणी, आणि युरिक आम्लाचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही. ज्यावर थांबायचे ते एकच वाक्य आहे : खडा अडकलेला आणि वर थंडी-ताप. हा रुग्ण नुसत्या प्रतिजैविकांवर ठेवू नये. आत पू साठून काही तासांत रक्तदाब कोसळू शकतो. लघवी आणि रक्त कल्चरला (जंतू ओळखण्याच्या तपासणीला) पाठवून, प्रतिजैविक सुरू करून मूत्रपिंड मोकळे करायला धाडावे, मग ते डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) टाकून होवो की कमरेतून नळी घालून. खडा फोडण्याचे नंतर पाहता येते.

लघवीतल्या रक्ताचा धडा मी उलट बाजूने शिकवते. रुग्ण सांगतो, ‘लाल झाली होती, आपोआप थांबली.’ विद्यार्थी सुटकेचा श्वास घेतात, आणि तिथेच त्यांना थांबवायचे. मूत्राशयाच्या कर्करोगातले रक्त असेच वेदनेविना येते आणि आपोआप थांबते. प्रौढ माणसात वेदनेविना रक्त दिसले की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत कर्करोग समजूनच दुर्बिणीची तपासणी करावी. बीट खाल्ले होते का, क्षयाचे रिफाम्पिसिन चालू आहे का, हे विचारावे. मग विडी-सिगारेट किती वर्षे, आणि रंगांच्या कारखान्यात काम केले आहे का, हेही, कारण धूम्रपान आणि ॲरोमॅटिक अमाइन जातीची रसायने या दोन्हींचा या कर्करोगाशी संबंध पक्का आहे.

मूत्रपिंडाच्या गाठी आणि जन्मजात व्यंगे यांसाठी प्रत्येकी एक तास आणि तीन-चार चित्रे पुरेत.

तपासणी, संमती आणि परीक्षा

गुदमार्गातून प्रोस्टेट तपासणे, ज्याला वॉर्डात सगळे पीआर म्हणतात, ते आधी पुतळ्यावरच शिकवावे. प्रोस्टेट हाताला कसे लागते ते स्वतःच्या तळहातावर दाखवता येते : अंगठा आणि करंगळी घट्ट जुळवल्यावर अंगठ्याखालचा उंचवटा जसा लागतो तसे निरोगी प्रोस्टेट, आणि मुठीचे हाड जसे लागते तशी संशयाची गाठ. रुग्णावर ही तपासणी एकाच विद्यार्थ्याने, रुग्णाने होकार दिल्यावर आणि सोबत कोणी असताना करावी. भूल दिलेल्या रुग्णावर, त्याला आधी न विचारता, दहा जणांनी बोट घालून पाहणे ही शिकवण्याची पद्धत नव्हे. शासकीय रुग्णालयात येणारा गरीब माणूस नाही म्हणत नाही. म्हणून त्याला नाही म्हणता येईल अशा रीतीने विचारणे आपले काम आहे, आणि विद्यार्थी तेही आपल्याकडे पाहूनच शिकतात.

शस्त्रक्रियागृहात मुलांना दिवसभर मागे उभे करू नये. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया पडद्यावर दिसतात, त्यामुळे एक तास नीट समजावून दाखवला की मूत्रमार्ग, प्रोस्टेट आणि मूत्राशयाची तोंडे यांची शरीररचना कायमची बसते. परीक्षेत मात्र व्याख्या विचारण्यापेक्षा प्रसंग द्यावा. पुतळा, कॅथेटरचा ट्रे आणि रुग्णाची भूमिका करणारी एखादी मावशी एवढ्यावर पाच मिनिटांचे चांगले स्थानक उभे राहते. त्यात गुण देताना जेलीनंतरचे थांबणे, त्वचा जागेवर आणणे आणि निघालेल्या लघवीचा आकडा लिहिणे यांना स्वतंत्र गुण ठेवावेत.

शेवटचे काम म्हणून प्रत्येक तुकडीकडे स्टेंटची वही सोपवावी. डीजे स्टेंट ठरलेल्या मुदतीत, बहुधा काही आठवड्यांत आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत काढावा लागतो. विसरला तर त्यावरच खडे चढतात आणि मूत्रपिंड धोक्यात येते. ऊसतोडीचा हंगाम संपला की बीडकडची माणसे आपल्या गावी परततात, आणि स्टेंट पोटात तसाच राहतो. म्हणून वहीत स्टेंट घातल्याची तारीख, काढायची तारीख, रुग्णाचा फोन, घरातल्या आणखी एकाचा फोन आणि मुकादमाचा फोन असे पाच रकाने असावेत. दर शनिवारी दोन विद्यार्थ्यांनी ती उघडून फोन लावावेत, आत नळी आहे हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावे, कोल्हापूरला येणे जमत नसेल तर जवळचे कोणते रुग्णालय ती काढू शकेल ते शोधून द्यावे, आणि नळी निघाल्याचे कळल्यावरच त्या ओळीवर बरोबरची खूण करावी.